अकरा वाजता ठणठणीत

आमची गाडी 1999 सालची. मागच्या काचेवर चंदेरी अक्षरांत एमपीएफआय (म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल फवारणारी यंत्रणा) लिहिलेलं होतं, त्यातला एफ केव्हाच गळून पडला. त्या वर्षी सुप्रीम कोर्टाने दिल्लीत युरोचे प्रदूषणाचे नियम आणले आणि हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरचे दिवस भरले. गाडी नवीन असताना वडील येईल त्याला ऐकवायचे, "हिला चोक ओढायला लागत नाही. आत कॉम्प्युटर आहे!"

गेल्या डिसेंबरात त्या कॉम्प्युटरला भ्रम झाला.

सकाळी साडेसहा. पुण्यात पारा अकरावर, लेकीला क्लासला सोडायचंय. सेल्फ मारला. गाडी फुरफुरली, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाचशेवर थरथरला आणि सगळं शांत. चौथ्या खेपेला चालू झाली, तीही मी रेस धरून ठेवली म्हणून. पाय काढला की गचका. सिग्नलला चवडा ब्रेकवर आणि टाच अ‍ॅक्सिलरेटरवर अशी कसरत. लेक म्हणाली, "बाबा, उद्यापासून मी सायकलने जाते." तिच्या आवाजात दया होती, ती जास्त लागली.

गॅरेज उघडतं अकराला. तिथे पोचेपर्यंत इंजिन तापलेलं, आयडल, म्हणजे रेस न देता इंजिनाच्या फेऱ्या, साडेआठशेवर स्थिर. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तर थेंब सांडला नसता. मेकॅनिक दादांनी कान लावला, माझ्याकडे पाहिलं. "साहेब, गाडीला काय झालंय? तुम्ही झोपता ना नीट?"

शेवटी गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी पोऱ्याने शटरसमोर अडचण होते म्हणून चालू करून बाहेर काढली, आणि दादा आले तेव्हा ती उन्हात घड्याळासारखी चालत होती. पोऱ्याला विचारलं तर म्हणाला, "थोडी बंद पडत होती, पण सगळ्यांचीच पडते."

मग अंदाजपंचे उपचार. प्लग बदलले. थ्रॉटल बॉडीतला कार्बन काढला. आयडलचा व्हॉल्व्ह धुतला. कुठून हवा खेचतेय का बघायला रबरी नळ्यांवर स्प्रे मारून झाला. टेम्परेचर सेन्सरसुद्धा बदलला, आणि इथेच गंमत झाली. इंजिनवर असे सेन्सर दोन. एका वायरचा बिचारा फक्त डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा हलवतो. दोन वायरींचा ईसीयूशी, म्हणजे आतल्या त्या कॉम्प्युटरशी बोलतो. आम्ही पहिला बदलला. काटा सुंदर चालायला लागला.

दुसऱ्याचं काम असं, की थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, भिंतींनाच चिकटून बसतं. म्हणून सकाळी जरा जास्त पेट्रोल द्यायचं आणि आयडल बाराशे-तेराशेवर ठेवायचा. किती द्यायचं, हे ईसीयू या सेन्सरला विचारून ठरवतो.

रविवारी तो काढला. हिरवं कूलंट पार्किंगभर सांडलं, ते पुसलं. मग स्वयंपाकघरात बर्फाच्या पाण्यात सेन्सर बुडवून मल्टिमीटर लावला. असले सेन्सर बर्फात साधारण पाच-सहा हजार ओहम दाखवतात आणि ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास उतरतात. आमच्या पठ्ठ्याने बर्फातच तीनशे दहा दाखवले. पाणी उकळत ठेवलं, तरी आकडा जेमतेम हलला. पुण्यात येऊन "ही काय थंडी?" म्हणणाऱ्या नाशिकच्या पाहुण्यांचाच हा नातेवाईक! अकरा अंशांतही तो ईसीयूला सांगत होता, इंजिन तापलंय, पेट्रोल आवरतं घ्या. ऐंशी अंश हा आकडा सभ्य, त्यामुळे ईसीयूलाही शंका आली नाही आणि डॅशबोर्डवरचा दिवा पेटला नाही. अकरा वाजता मात्र त्याचं म्हणणं खरंच असायचं.

"अहो, चहाच्या पातेल्यात काय उकळताय?"

"सेन्सर."

"कूलंट लागलेला?"

मी गप्प. कूलंट विषारी असतं हे मीच तिला मागच्या आठवड्यात फुशारकीने सांगितलं होतं.

नवा सेन्सर बसवला. सोमवारी पारा साडेदहावर. एका सेल्फमध्ये गाडी तेराशेवर गेली, दोन-चार मिनिटांत समजूतदारपणे खाली आली. मी लेकीला हाक मारायला वर पाहिलं, तर ती सायकलवरून फाटकाबाहेर पडत होती.

पातेलं आता डिकीत असतं. कूलंट धरायला अगदी मापाचं आहे.