कासेलचा राजा आणि आईचा प्रश्न

आज सकाळी ग्रुपवर पुन्हा ते रील आलं. जर्मनीतलं कासेल, डोंगरावर हर्क्युलिसचा पुतळा, पायऱ्यापायऱ्यांवरून धावत खाली येणारं पाणी. खाली कॅप्शन : 'याला म्हणतात रसिक राजा!' आणि त्याला पंचवीस अंगठे. डोकंच फिरलं.

मागे दादाकडे फ्रँकफर्टला गेलो होतो तेव्हा आईला घेऊन कासेल पाहिलं. गाइड छान सांगत होता. हर्क्युलिसचा तो पुतळा कार्ल या लांडग्राफने, म्हणजे तिथल्या राजाने, १७०१ ते १७१७ मध्ये बांधून घेतला. त्याचा नातू दुसरा फ्रेडरिक. त्याने गावात फ्रिडेरिसियानुम उभारलं, १७७९ मध्ये, सामान्य लोकांसाठी खुलं असलेलं युरोपातलं अगदी सुरुवातीचं संग्रहालय. आईने मध्येच मराठीत विचारलं, "एवढ्याशा राज्याला एवढा पैसा आणला कुठून?" दादाने भाषांतर केलं. गाइडने एका वाक्यात उत्तर दिलं आणि पुढे चालू लागला.

उत्तर हे, की हेसन-कासेल, म्हणजे कासेलचं ते राज्य, आपली फौज भाड्याने द्यायचं. ही घराण्याची जुनी चाल. कार्लनेही १६८७ मध्ये व्हेनिसला तुर्कांशी लढायला माणसं दिली होती. फ्रेडरिकने १७७६ मध्ये इंग्लंडशी करार केला आणि अमेरिकेतलं बंड मोडायला पोरं जहाजांत भरली. युद्ध संपेपर्यंत एकोणीस हजारांच्या आसपास गेली. करारातले पैसे राजाच्या तिजोरीत. ज्यांच्याकडे जमीनजुमला, धंदा, त्यांना सूट. गेली ती शेतकऱ्यांची धाकटी पोरं. त्यांचा देश नाही, त्यांचं भांडण नाही. १७७६ च्याच २६ डिसेंबरला अमेरिकेतल्या ट्रेंटनला वॉशिंग्टनने त्यातली नऊशेच्या आसपास पकडली.

आणि फ्रेडरिकचा मुलगा? विल्हेल्म तेव्हा हानाऊ या छोट्या संस्थानावर राज्य करत होता, त्यानेही आपली माणसं इंग्लंडला दिली. पुढे कासेलचा धनी होऊन युरोपातल्या गडगंज राजांत गणला गेला. योहान सोयमे नावाचा विद्यार्थी, १७८१ मध्ये पॅरिसला निघालेला, त्याला वाटेतच भरतीवाल्यांनी उचललं आणि थेट कॅनडातल्या हॅलिफॅक्सला पाठवलं. तो लिहिणारा निघाला म्हणून आपल्याला कळलं.

बरं बाबा, मान्य. फ्रेडरिकने त्या पैशातून कर कमी केले, काही जण राजीखुशीने गेले, कित्येकांनी अमेरिकेतच संसार थाटला. कार्लने फ्रान्समधून पळालेल्या ह्यूगेनोंना, म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंटांना, आसरा दिला, तेही चांगलंच. झालं समाधान?

पण आईचा पुढचा प्रश्न होता, "मग ज्यांची पोरं गेली त्यांना काय मिळालं?" आमचा मामा फौजेत होता. तो सीमेवर असताना आजी पोस्टमन दिसला की आत निघून जायची. आईला ते अजून आठवतं. आणि मामा तर स्वतःच्या देशासाठी उभा होता! हेसनमधल्या एखाद्या आजीने पोराला विचारलं असेल, कुठे चाललास, तर तो काय सांगणार होता? समुद्रसुद्धा न पाहिलेलं पोर.

संग्रहालयात आई पुतळ्यांपुढे फारशी थांबलीच नाही, खिडकीशी बसून राहिली. मला तेव्हा कंटाळा आला असं वाटलं होतं.

तर रीलवाल्यांनो, पाणी बघायला जरूर जा. १ मे ते ३ ऑक्टोबर, दर बुधवारी आणि रविवारी दुपारी अडीचला सोडतात, खरंच सुंदर असतं. फक्त मारबुर्गच्या अभिलेखागाराने अमेरिकेला गेलेल्या त्या शिपायांच्या याद्या करून ठेवल्यात, नाव-गावासकट. कॅप्शन लिहिण्याआधी त्यातलं एक पान वाचा. आणि ते 'रसिक' कृपा करून खोडा.