ठेव ठेवण्याआधी दिल्लीचं तिकीट काढा

पतसंस्थेत पैसे गुंतवणार? शाब्बास! व्याज बँकेपेक्षा जास्त, चेअरमन ओळखीचा, वर कॅलेंडर फुकट.

पाटीवर 'मल्टिस्टेट', म्हणजे एकाहून जास्त राज्यांतली संस्था, असं दिसलं तर बिनघोर सही ठोका. त्यासाठी दोन राज्यांतले पन्नास-पन्नास सभासद लागतात म्हणे. आपल्याकडं त्यात काय अवघड? संकेश्वर ओलांडलं की गडहिंग्लज, तिकडं पाव्हणे पसरलेलेच. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न तसाच आहे, पण पतसंस्थांनी आपल्यापुरता सोडवला.

शेअर घ्यायला विसरू नका. मग तुम्ही नुसते ठेवीदार नाही, मालक! बुडालं तर आरशासमोर उभं राहून जाब विचारा.

पाच लाखांच्या विम्याचं नाव काढू नका. तो बँकांना. त्याचा हप्ताही बँकाच भरतात. पतसंस्थेत विमा म्हणजे चेअरमनचा शब्द.

देखरेख कोणाची, हे मात्र जरूर विचारा, सहल घडेल. संस्था कर्नाटकाच्या १९५९ च्या सहकार कायद्यातली असेल तर सहकार खातं : बेंगळुरात रजिस्ट्रार म्हणजे निबंधक, जिल्ह्याला डीआर म्हणजे उपनिबंधक, त्याच्या खाली एआर म्हणजे सहायक निबंधक. 'सौहार्द' या कर्नाटकातल्याच दुसऱ्या प्रकारची असेल तर १९९७ चा कायदा निराळा. मल्टिस्टेटला थेट दिल्लीचे केंद्रीय निबंधक. बायकोच्या पिग्मीच्या, म्हणजे रोज थोडे थोडे साठवलेल्या ठेवीच्या, पावतीची मुदत संपून आठ महिने झाले, शाखेला कुलूप. खानापुराहून बेळगावला चार खेपा घातल्या. पहिल्या टेबलावर साहेबांनी पावती उलटीपालटी केली आणि म्हणाले, "इदु नम्मदल्लरी." दुसऱ्या हापिसात तेच मराठीत ऐकलं : हे आमचं नाही. पोलीस म्हणाले, रजिस्ट्रारकडं जावा. कोणत्या, ते त्यांनाही माहीत नाही. शेवटी एका शिपायानं कानात सांगितलं, मल्टिस्टेट कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीत सहकार लोकपाल आलाय, तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. बसतो कुठं? दिल्लीत. बायकोच्या पिग्मीसाठी मी दिल्ली गाठायची!

ऑडिटरला नमस्कार करा. त्याची फी संस्थाच देते. ज्याच्या वखारीवर नजर ठेवायची, पहारेकऱ्यानं पगार त्याच्याकडूनच घ्यायचा.

आजारी संस्थांसाठी निधीही आहे. नफ्यातल्या मल्टिस्टेट संस्थांनी निव्वळ नफ्याचा १ टक्का किंवा १ कोटी, जे कमी असेल ते, त्यात घालायचं. आजारी संस्था बरी व्हावी म्हणून. ठेवीदार आजारी पडला तर सिव्हिल हॉस्पिटल आहेच.

बास झाली थट्टा. अहो निबंधकसाहेब, दरवर्षी ताळेबंद तुमच्याकडं येत होता ना? थकबाकी त्यात छापलेली असते ना? मग कुलूप लागेपर्यंत काय करत होता? तो कागद वाचायचा असतो, फायलीला लावायचा नसतो. आणि कुठल्या दाराशी जायचं, एवढं तरी पावतीच्या मागं छापायला लावा की संस्थांना! बाईमाणसानं दहा-दहा रुपये टाकलेत त्यात, आणि तुम्ही म्हणता, आमचं नाही?