नाव ठेवा, नावं ठेवू नका

गेम संपला किंवा एकांकिकेचा पडदा पडला की आपल्याकडं निकाल दोन शब्दांत लागतो. "जुनंच आहे." सांगलीत एकांकिका स्पर्धेच्या बाहेर चहाच्या गाड्यावर हेच ऐकू येतं, आणि साताऱ्यात होस्टेलच्या खोलीत कंट्रोलर घेऊन बसलेल्या पोरांच्यातही हेच. नेमकं काय जुनं आहे, असं विचारलं की गाडी अडते. "ते व्हिलनचं ओ. नेहमीचं."

माझं म्हणणं असं की, पुन्हापुन्हा येणाऱ्या कथेतल्या युक्तीला नावं ठेवायच्या आधी तिला एक नाव ठेवा. ते तिच्या दिसण्यावरून नको, ती गोष्टीत जे काम करते त्यावरून ठेवा. आणि जमेल तिथं मराठीत ठेवा, कारण निम्मी नावं आपल्या बोलण्यात आधीच तयार आहेत.

कामावरून म्हणजे कसं? व्लादिमीर प्रॉप या रशियन लोककथा-अभ्यासकानं १९२८ साली रशियन परीकथांचे सांधे सुटे करून दाखवले. एका गोष्टीत राजा नायकाला गरुड देतो आणि गरुड त्याला दुसऱ्या राज्यात नेतो. दुसरीत म्हातारा घोडा देतो, तिसरीत मांत्रिक होडी देतो, चौथीत राजकन्या अंगठी देते. देणारा बदलला, वस्तू बदलली, पण नायक दर वेळी पलीकडच्या राज्यात पोचला. प्रॉपनं नाव दिलं ते या पोचण्याला. अशी ३१ कार्यं त्यानं काढली आणि ती पार पाडणाऱ्या भूमिका भरल्या फक्त ७.

हे आपल्याला परकं नाही. नाट्यशास्त्रातल्या अष्टनायिका बघा. प्रियकर परगावी गेला की ती प्रोषितभर्तृका. तीच रात्री उठून त्याला भेटायला निघाली की अभिसारिका. तो दुसरीकडं रात्र काढून सकाळी उगवला की खंडिता. आठातलं एकही नाव रंगरूपावरून पडलेलं नाही. बाई तीच, प्रसंग फिरला की नाव फिरलं.

आता एक उदाहरण नीट उलगडून बघू, कारण गोंधळ इथंच होतो. "व्हिलन एकाच पद्धतीनं मरतो" हा पोरांच्या तोंडचा शेरा. त्यात निदान तीन वेगळ्या युक्त्या लपलेल्या आहेत आणि तिन्हींना मराठीत नाव आहे.

पहिली, दुर्योधनाची मांडी. सगळं अंग वज्राचं, मांडी तेवढी कच्ची. ही युक्ती खेळाडूकडं नेम मागते. २००५ च्या 'शॅडो ऑफ द कोलोसस' या गेममधले १६ महाकाय राक्षस याच जातीचे. अंगावर चमकणारी खूण आहे, तलवार उजेडात धरली की किरणं तिकडं बोट दाखवतात. म्हणजे मांडी कुठं आहे हे लपवलेलंच नाही. कष्ट आहेत ते तिथवर चढण्यात: केसाला धरून लोंबकळायचं, दम संपत चाललाय, आणि राक्षस अंग झाडतोय. हे चढणं काढून टाका, खाली नुसता लाल ठिपका आणि वर बंदूक उरते. ही युक्ती फसते ती बहुतेक वेळा अशीच.

दुसरी, पोपटातला जीव. सात समुद्रांपलीकडं झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट, पोपटात राक्षसाचा प्राण. रशियन लोककथेतल्या कोश्चेई या खलनायकाचं मरण बेटावरच्या ओकाखाली, पेटीत ससा, सशात बदक, बदकात अंडं, अंड्यात सुई, तिच्या टोकावर. स्टिथ थॉम्पसन या लोककथा-अभ्यासकाच्या कल्पनाबंधांच्या (म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या कथातुकड्यांच्या) सूचीत देहाबाहेरच्या जीवाला 'ई ७१०' क्रमांक आहे, आणि कथाप्रकारांच्या सूचीत ही गोष्ट ३०२ क्रमांकावर सापडते. ही युक्ती नेम मागत नाही, प्रवास मागते. तिचे तीन भाग असतात आणि नवीन लिहिणारे पहिला भाग हमखास गाळतात. कैदेतली राजकन्या लाडीगोडी लावून राक्षसाकडून गुपित काढते, तो पहिला. शोध हा दुसरा. मान मुरगळणं तिसरा. गुपित कळण्याचा प्रसंगच नसेल तर खेळाडू झाडाखाली कशाला जाईल? मग तो गेम थांबवून यूट्यूबवर उत्तर शोधतो. तिसऱ्या भागातही एक बारकावा आजीच्या गोष्टीत कधी चुकत नाही: पोपटाचा पाय मोडला की तिकडं राक्षसाचा पाय मोडतो, पंख उपटला की हात गळतो. तो लंगडत, खुरडत, ओरडत जवळ येतोय आणि इथं मान अजून मुरगळायची आहे. गेममध्ये चार ठिकाणचे खांब फोडायला लावता ना, तर प्रत्येक खांबाला बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूच्या, अंगावर काहीतरी मोडताना दिसू दे. चारही फोडल्यावर एकदम ढाल उतरली की खेळाडूनं चार वेळा नुसती हमाली केली.

तिसरी, हिरण्यकश्यपूचा उंबरठा. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. माणूस नाही, पशू नाही. जमिनीवर नाही, आकाशात नाही. शस्त्रानं नाही, अस्त्रानं नाही. उत्तर: संध्याकाळ, उंबरठा, नरसिंह, मांडी, नखं. ही युक्ती अटींचं वाचन मागते. १९९८ च्या 'मेटल गियर सॉलिड'मधला सायको मँटिस तुमची प्रत्येक हालचाल आधीच ओळखतो. कंट्रोलरची वायर काढून दुसऱ्या पोर्टला लावली की त्याला तुमचं मन वाचता येत नाही. खेळाच्या आतही नाही, पुरतं बाहेरही नाही, अक्षरशः उंबरठ्यावर. इथला नियम कडक आहे: सगळ्या अटी आधी खणखणीत ऐकवायच्या, आणि शेवटी एकेका अटीचा हिशोब मिटवायचा. पाच अटी सांगून तीनच फोडल्या तर वाचक फसवल्यासारखा उठतो.

बघा, तिन्हींना "व्हिलनचा वीक पॉइंट" म्हटलं की यातलं काहीच हाताला लागत नाही. एकात नेम, एकात वाट, एकात अट. आपली गोष्ट कुठं लंगडतेय ते नाव पडल्यावरच कळतं.

नाव पाडायच्या आधी चार कसोट्या लावा. युक्ती एका वाक्यात लिहा, पात्राचं नाव, गाव, शस्त्र काहीही न घेता: कोण काय करतो आणि त्यामुळं बघणाऱ्याचं काय होतं. मग वेगवेगळ्या लोकांनी केलेल्या निदान तीन कृतींत ती दाखवा, आणि त्यातली एक तरी दुसऱ्या माध्यमातली हवी. गेम असतील तर एक वग किंवा एक लोककथा घ्या. मग ती काढून बघा, काय कोसळतं? काहीच कोसळत नसेल तर ती सजावट आहे. शेवटी उलटी करून बघा. उलटी केल्यावरही ओळखू आली तर ती पक्की. चाळणीची भोकं फार मोठी असतील तर सगळंच खाली पडतं ("नायक संकटात सापडतो" ही युक्ती नाही, ती गोष्ट असण्याची अट आहे), आणि फार बारीक असतील तर खाली एकाच गेमचं एकच दार पडतं.

या कसोट्या एका युक्तीला लावू. हरण्यासाठीच ठेवलेली लढत. १९८८ च्या 'फायनल फँटसी २'ची सुरुवातच अशा लढाईनं होते. १९९३ च्या 'मेगा मॅन एक्स'मध्ये पहिल्याच टप्प्यात व्हाइल हा शत्रू तुम्हाला लोळवतो आणि झीरो हा साथीदार येऊन सोडवतो. आपल्या भागात हिला नवीन नाव शोधायची गरज नाही. यात्रेच्या फडातल्या माणसाला ते माहीत आहे: नुरा कुस्ती. निकाल आधी ठरलेला, झटापट लोकांना दाखवण्यापुरती. या नावात दोषही आपोआप येतो. फडात नुरा ओळखू आली की लोक खवळतात, कारण त्यांनी निकाली कुस्ती समजून श्वास रोखलेला असतो. खेळाडूचंही तेच. तो जपून ठेवलेली सगळी औषधं इथं ओततो आणि मग कळतं, हरायचंच होतं. म्हणून औषधं परत करा, किंवा मुळात हातात येण्याआधी ही लढत घ्या. शत्रूचा पहिलाच फटका इतका मोठा दाखवा की आवाक्याबाहेरचं आहे हे तिथंच समजावं. दोन-तीन फटक्यांत आटपा. आणि खऱ्या पराभवाचा पडदा इथं वापरू नका, नाहीतर खेळाडू मशिन बंद करून पहिल्यापासून सुरू करतो.

सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे एखादा वस्ताद गडी ही लढत जिंकतो. २०१९ च्या 'सेकिरो'मध्ये गेनिचिरो या शत्रूला पहिल्या भेटीत हरवलंत तरी पुढच्या दृश्यात तुमचा हात तुटतोच, पण तो कपटानं तुटतो, आणि त्यामुळं त्या माणसाबद्दल काहीतरी कळतं. २००९ च्या 'डेमन्स सोल्स'मध्ये सुरुवातीच्या व्हॅनगार्ड या राक्षसाला पाडलंत तर तुम्हाला पुढं जाऊ देतात, थोडा मालही मिळतो, आणि मग त्याहून मोठा ड्रॅगन गॉड एका ठोशात संपवतो. माझ्या मते दुसरा मार्ग जास्त प्रामाणिक. जिंकणाऱ्याची जीत मोजली गेली.

नाव निवडतानाही पारख लागते. सोबतच्या माणसाला सांभाळत मुक्कामाला पोचवायचं, त्या मोहिमेला आधी 'बोळवण' सुचतं. शब्द गोड आहे, पण त्याला "तोंडाला पानं पुसणं" हा दुसरा अर्थ चिकटलाय, म्हणून तो बाद. 'पाठराखण' बरोबर बसतं. ही युक्ती बिघडते ती मुख्यतः वेगानं: सोबती तुमच्या चालण्यापेक्षा जलद आणि पळण्यापेक्षा हळू जातो, मग तुम्ही चार पावलं पळा, थांबा, पळा, थांबा. २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'मध्ये सोबतच्या मुलीला "थांब" आणि "चल" सांगता येतं, तेवढ्यानंही बरंच सुसह्य होतं. २००१ च्या 'इको'मध्ये मुलीचा हात धरूनच धावायचं असतं, तिथं वेगाचा प्रश्नच मिटला. २०१३ च्या 'बायोशॉक इन्फिनिट'मध्ये सोबतच्या एलिझाबेथला राखावं लागत नाही, उलट तीच गोळ्या आणि औषधं फेकते. ही पाठराखण उलटी केलेली, तरी ओळखू येते.

पुराणातली नावं वापरताना एक पथ्य पाळा. ज्या नावाचा आपल्याकडं शिवीसारखा वापर होतो ते घेऊ नका. शिखंडी हे त्यातलं. बाकी घटोत्कच उत्तम नाव आहे: शत्रूचं एकदाच चालणारं अस्त्र फुकट घालवायला पुढं केलेला गडी. भस्मासुर, झारीतले शुक्राचार्य, कांचनमृग ही तर वर्तमानपत्रात रोज छापून येतात.

प्रत्येक ठरीव गोष्ट युक्ती नसते हेही लक्षात घ्या. भिंत फोडली की आत खाण्याजोगं भाजलेलं मांस निघतं (१९८६ चा 'कॅसलव्हेनिया'), हा संस्कृत आचार्य राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त सांगितला तसला कविसमय, म्हणजे कवींनी ठरवून घेतलेला संकेत. चकोर चांदणं पितो, कीर्ती पांढरी असते, आणि लाकडी खोक्यात गोळ्या असतात. खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक असतं, दोघांनीही ते मान्य केलेलं असतं. २००० साली 'ओल्ड मॅन मरे' या साइटनं गेम सुरू झाल्यापासून पहिलं खोकं दिसेपर्यंतचे सेकंद मोजायला घेतले होते. कविसमय मोजायचा असतो, त्याच्यावर चिडायचं नसतं.

आणि बॉसच्या प्रवेशाचं काय? तो तर सांगलीचाच. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं, आणि त्या वळणाच्या पौराणिक नाटकांत राक्षस 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत यायचे. त्या नाटकांना नावच पडलं अललडुर्र. आज गेममध्ये धुक्याचा पडदा ओलांडला की संगीत बदलतं, खाली लांबलचक पट्टी आणि बॉसचं नाव उमटतं. काम तेच: इकडं तिकडं बघणं बंद करा, आता समोर बघा. म्हणून अललडुर्र हे नाव मी बेधडक वापरतो. चूक एकच होते. दहा वेळा मरायला लावणारा बॉस असेल तर आरोळी पहिल्यांदाच पुरती ऐकवा, नंतर एका बटणात ओलांडू द्या.

पळवून नेलेल्या माणसाबद्दल थोडक्यात. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये सात किल्ले जिंकल्यावर सातही वेळा कळतं की राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे. पुण्यात तयार झालेल्या २०२० च्या 'राजी'त बहीण पळवलेल्या भावाला शोधते. बाईच्या जागी मुलगा आला, तरी पळवलेल्याचं काम तेच राहिलं: दिशा देणं. पण शोधणारी बदलली, त्यानं गोष्टीचा सगळा पोत बदलला. मोजायचं असेल तर हे दोन रकाने वेगळे मोजा.

ज्यांना खरंच करून बघायचंय त्यांनी एखाद्या रविवारी भिलारला जावं. पाचगणीजवळचं हे पुस्तकांचं गाव. घराघरांत साहित्यप्रकार वाटून पुस्तकं ठेवलेली आहेत. चौघं जा, चार वेगळ्या घरांत बसा, प्रत्येकानं तीन कथा वाचा. वहीत पाच रकाने आखा: काम, कुठं सापडलं, काढलं तर काय, उलटलं तर काय, नाव. नावाचा रकाना संध्याकाळपर्यंत कोरा ठेवा. सकाळीच नाव लिहिलं की दिवसभर तेवढंच दिसत राहतं.

एका युक्तीला मला अजून चांगलं नाव मिळालेलं नाही. मोठ्या लढतीच्या आधी एक शांत खोली येते: गोळ्या भरपूर, औषधं भरपूर, सेव्ह करायची सोय, आणि शत्रू एकही नाही. काम दुहेरी आहे. पोटभर देते आणि त्याच देण्यानं घाबरवते. 'नैवेद्याची खोली' असं तात्पुरतं लिहून ठेवलंय, पण नैवेद्यात भीती नाही. बोकडाला जत्रेआधी चारतात त्यासाठी तुमच्या गावात वेगळा शब्द असेल तर खाली लिहा.