ब्रुनोचा डावा कान का सोडला

ताई, नमस्कार. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, "एकच कान साफ केला, दुसऱ्याला हात लावायला घाबरले, वर डॉक्टरकडे पाठवलं. कुत्रा धरता येत नाही तर दुकान कशाला टाकलं?" इथेच उत्तर देतो, बाकीच्यांच्याही कामी येईल.

आमचं कुत्र्यांच्या अंघोळीचं, नखं-कान साफ करण्याचं दुकान, गुरगुरणारे कुत्रे रोजचेच. उजव्या कानाच्या वेळी ब्रुनोनेही भरपूर नाटकं केली, टेबलावर फतकल मारून मान फिरवून बसला. आमच्या पोराने डब्यातल्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा पुढे केला, तसा गडी गप कान देऊन बसला. डाव्या कानाला मात्र भाकरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुळाशी बोट लागलं की कळवळायचा. कानाची पाळी उलटून पाहिली तर आत लालभडक, सूज आणि आंबूस वासाचा पिवळा चिकटा. तुमच्या मिस्टरांना तेव्हाच दाखवलं होतं.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. पडदा त्या वळणापलीकडे, वरून दिसतच नाही. तो फाटलेला असला आणि आपण वरून क्लीनर ओतला, तर ऐकू येणंच बिघडू शकतं. पडदा शाबूत आहे का, ते डॉक्टर ओटोस्कोपने (कानात बघायच्या दुर्बिणीने) बघतात. तिघांनी दाबून, मझल (तोंडाची जाळी) बांधून कान धुता आला असता, पण दुखऱ्या कानावर तसली जबरदस्ती मी करत नाही.

मिस्टर म्हणाले, रोज संध्याकाळी शेताच्या बांधावर मोकळा सोडतो. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. एकाच कानाचं दुखणं अचानक उठलं की मला आधी कुसळ नाहीतर गोचीड आठवते. कुसळ आतच सरकत जातं, म्हणून उशीर करू नका.

घरी कापसाच्या बडने साफ करतो म्हणालात, ते आजपासून बंद. मळ निघतो कमी, आत जास्त ढकलला जातो. कोमट तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, काहीच नको. कान बरा झाल्यावर डॉक्टर सांगतील ते क्लीनर भरा, कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट चोळा (पचपच आवाज यायला हवा), मग सोडून द्या. तो स्वतःच डोकं झटकेल, तुमचे कपडे भरतील, मळ वर येईल. बोटाला कापूस गुंडाळून दिसेल तेवढंच पुसायचं.

पैशांचं म्हणाल तर पावती बघा. अंघोळ, नखं आणि उजवा कान, एवढंच लावलंय. डाव्याचा रुपयाही नाही.

जळगावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवलं तरी चालेल. औषध चालू असेपर्यंत अंघोळीला आणू नका. थेंब घालू देत नसेल तर दुकानात घेऊन या, आम्ही धरतो, त्याचे पैसे नाहीत. फक्त दुपारी १ ते ४ सोडून या, उन्हात त्याला चालवू नका.