उजनीत ट्राउट नको, मरळ जपा

निलगिरीच्या ओढ्यांतल्या ट्राउट माशावरचा लेख आवडला. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून खालच्या अंगाने दबकत जाऊन गळाला बांधलेली कृत्रिम माशी टाकायची, हे वर्णन तर फारच सुरेख. पण आमच्या भीमेवरच्या उजनी धरणातही ट्राउट सोडावा, ही त्यातली सूचना पटली नाही. त्याला साधारण 20 अंशांच्या आतलं गार, खळाळतं पाणी लागतं. निलगिरीतल्या अव्हलांचीला, केरळातल्या मुन्नारला तो त्यामुळेच टिकला. सोलापुरात मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो हो! शिवाय बाहेरून आलेली चिलापी (तिलापिया मासा) आम्ही भोगतोच आहोत. लहानपणी भीमेत गळाला मरळ, वाम हे इथले मासे लागायचे. आता दिवसभर बसलं तरी चिलापीच. सोडायचीच तर मरळीची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडा, आणि पावसाळ्यात विणीच्या वेळी बारीक आसाची (छिद्रांची) जाळी खरोखर बंद करा.