बुटांमुळे हुकला म्हणे वर्ल्ड कप!

भारत कुठल्याही पात्रता फेरीत हरला की आमच्या तालमीच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. अनवाणी संघाचा कृष्णधवल फोटो आणि खाली मजकूर: १९५० साली भारत ब्राझीलच्या वर्ल्ड कपला पात्र ठरला होता, पण आपल्या पोरांकडे बुटाला पैसे नव्हते, बोटीच्या तिकिटालाही नव्हते, त्यात फिफाने अनवाणी खेळायला बंदी घातली, नाहीतर कप आपलाच होता. शेवटी तिरंगा, जोडलेले हात आणि 'अभिमान वाटला तर पुढे पाठवा'. या वेळी पाठवणारा माझा मावसभाऊ होता. मी तीन ओळींत उत्तर दिलं, तर म्हणाला, "तुला आपलं काही चांगलं बघवतच न्हाई बघ." म्हणून आता सविस्तर.

'पात्र ठरला' हे खरं आहे. पण कसा? आपल्या गटात ब्रह्मदेश, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया होते. तिघांनीही माघार घेतली आणि आपण एकही सामना न खेळता आत गेलो. तो वर्ल्ड कपच गळतीचा होता. स्कॉटलंड आणि तुर्कस्तान पात्र ठरूनही गेले नाहीत. अखेर १६ ऐवजी १३ संघ खेळले. उरुग्वेच्या गटात तर दोनच संघ उरले, म्हणजे बोलिव्हियाला ८-० हरवलं की पहिली फेरी संपली!

आता बंदी. इथे मेसेज स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सविरुद्ध बहुतांशी अनवाणी खेळला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्येही आपले कित्येक खेळाडू अनवाणीच उतरले. दोन्ही ठिकाणचं फुटबॉल फिफाच्याच नियमांनी चाललं होतं. मग १९४८ ला चाललेली, १९५२ ला पुन्हा चाललेली गोष्ट मधल्या १९५० मध्येच कशी अडली? हा प्रश्न मी भावाला विचारला, तेव्हा त्याने लंडनच्या राजाची गोष्ट पाठवली. राजाने म्हणे आपल्या संघातल्या शैलेन मन्नांना पँट वर करायला लावून पाय पोलादाचे आहेत का ते पाहिलं. गोष्ट गोड आहे, पण बंदीचा पुरावा नाही.

बुटाला पैसे नव्हते, ही समजूत मला सगळ्यात जास्त खटकते, कारण त्यात त्या खेळाडूंचं कसब पुसलं जातं आणि उरते फक्त कीव. लंडनच्या त्याच संघात काहीजण बूट घालून खेळले. म्हणजे ज्याला हवे त्याला बूट होते. बाकीचे घोट्याला पट्ट्या गुंडाळून उतरले, कारण त्यांचा खेळच तसा घडला होता. १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या बूटवाल्या गोऱ्या सोजिरांना २-१ हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांच्या अकरांत बूट एकाच्याच पायात होते. अनवाणी पायाला चेंडू कळतो. पंजाखाली थांबवायचा, बोटांनी हलकेच उचलून वळवायचा, समोरचा टॅकलला आला की अर्ध्या वितीत सटकायचं: आखूड पास आणि ड्रिबलिंगची ही शैली कोरड्या मैदानावर भल्याभल्यांना दमवायची.

पण पावसात? लहानपणी आम्ही रंकाळ्याच्या बाजूला जूनभर अनवाणी खेळायचो. धावताना काही वाटत नाही. खरी परीक्षा फटका मारताना होते. एक पाय मागे गेला की सगळा भार टेकलेल्या पायावर येतो, आणि चिखलात तोच पाय टाचेपासून सरकतो. मारायचा असतो गोलमध्ये आणि जातो कॉर्नरकडे. स्टडवाला बूट तिथे खिळ्यासारखा रुततो. त्यात तेव्हाचा कातडी चेंडू पाणी पिऊन दगडासारखा जड व्हायचा. तेव्हा अनवाणी खेळणं ही शक्ती होती, मान्य. पण ठरावीक मैदानाची, ठरावीक हवेची.

तिकिटाच्या पैशांचं एका वाक्यात सांगतो. यजमान ब्राझीलला संघ कमी पडत होते आणि आपल्या प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायची त्यांची तयारी होती.

मग गेलो का नाही? भारतीय फुटबॉल महासंघाने तेव्हा कारणं दिली ती संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला न मिळालेला वेळ. बुटाचं नावही त्यात नाही. ज्यांनी त्या संघाचं नेतृत्व केलं असतं, ते मन्ना पुढे म्हातारपणी सांगायचे की वर्ल्ड कप म्हणजे काय हेच आम्हाला नीट माहीत नव्हतं, आमच्या लेखी ऑलिंपिकच्या वर काही नव्हतं. मला हे पटतं. वर्ल्ड कपच्या पुढच्याच वर्षी दिल्लीत पहिले एशियाड होते. महिनाभर बोट हाकत ब्राझीलला जायचं कुणाला सुचणार? मेवालालच्या गोलवर इराणला १-० हरवून आपण ते सुवर्ण जिंकलंही. चूक झाली ती महत्त्व न ओळखण्याची, आणि त्यात फिफाला खलनायक करता येत नाही.

आता शेवटचा दावा, 'कप आपलाच होता'. भावाचा आधार १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या इल्फर्डच्या सामन्याचा: फ्रान्सशी आपण २-१ इतकं थोडक्यात हरलो, रामनने बरोबरी साधली होती, आणि दोन पेनल्टी हुकल्या नसत्या तर जिंकलोच असतो. सगळं खरं. पण ऑलिंपिकमध्ये तेव्हा हौशी खेळाडूच चालत, त्यामुळे फ्रान्सचा तो संघ त्यांचा खरा संघ नव्हता. आणि दोन-दोन पेनल्टी घालवणारा संघ वर्ल्ड कप जिंकणार होता, हे म्हणायला जरा धाडसच लागतं.

ब्राझीलमध्ये आपल्या गटात स्वीडन, इटली आणि पॅराग्वे होते. गट अगदीच अभेद्य नव्हता, हे भावाच्या बाजूने मीच सांगतो. इटली गतविजेती खरी, पण १९४९ च्या मे महिन्यात सुपेर्गाच्या टेकडीवर विमान आदळून तोरिनो क्लबचा अख्खा संघ गेला होता, आणि इटलीच्या संघाचा कणाच तोरिनोचा होता. त्या धसक्याने १९५० चे खेळाडू बोटीने गेले. स्वीडननेही ग्रेन, नॉर्दाल आणि लीडहोल्म यांना घेतलं नाही, कारण ते तिघे मिलानला जाऊन व्यावसायिक झाले होते. तरीही त्या तुटक्या स्वीडनने इटलीला ३-२ हरवलं, पॅराग्वेशी २-२ बरोबरी केली आणि गट जिंकला. पुढे एकच संघ जाणार होता. म्हणजे आपल्याला त्या तिघांच्या वर यायचं होतं, आणि मग अंतिम फेरीत उरुग्वे, स्पेन आणि ब्राझील. त्याच स्वीडनला ब्राझीलने ७-१ धुतलं. त्यातून आपल्याकडचे सामने तेव्हा ७० मिनिटांचे असायचे. शेवटची वीस मिनिटं कुठल्या पायांवर खेळलो असतो?

माझा अंदाज: कोरडं मैदान मिळालं असतं तर पॅराग्वेला घाम फोडला असता, एखादी बरोबरीही मिळाली असती. इटली आणि स्वीडनशी मोठ्या फरकाने हार. हा अंदाज हवेत नाही, कारण दोनच वर्षांनी हेलसिंकीत तपासणी झाली. गारठ्यात, समोर युगोस्लाव्हिया, आणि निकाल १०-१. आपला एकमेव गोल अहमद खानचा. त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. म्हणजे भावा, बुटांचा आदेश आला, पण तो आपल्याच घरातून आणि दोन वर्षं उशिरा.

१९५० ला न गेल्याची हळहळ मलाही आहे, पण वेगळ्या कारणाने. हेलसिंकीचा धडा दोन वर्षं आधी मिळाला असता. धडा मिळाल्यावर काय झालं ते बघ: हेलसिंकीचेच प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, पायात बूट, १९५६ चं मेलबर्न. हंगेरी आली नाही म्हणून पहिला सामना फुकट मिळाला, हे कबूल. पण पुढे यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२. त्यातले तीन गोल मुंबईत खेळणाऱ्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझाचे, ऑलिंपिकमधली आशियाई खेळाडूची पहिली हॅटट्रिक. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया, आणि दुसऱ्या हाफमध्ये पहिला गोल पुन्हा नेव्हिलचाच. १०-१ ने तुडवणाऱ्यांवर चार वर्षांनी १-० ची आघाडी! टिकली दोनच मिनिटं, शेवटी ४-१ हरलो आणि चौथे आलो. पण ती दोन मिनिटं तरी खरी आहेत.

हे सगळं भावाला पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं, आणि मग उत्तर आलं: "नेव्हिलचा फोटो हाय काय?"