जुनं आयटीआय प्रमाणपत्र रद्द होत नाही
बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी व्हॉट्सॲप गटांत एक निरोप फिरतो आहे: आयटीआयचा अभ्यासक्रम बदलला, म्हणून जुनी प्रमाणपत्रं बाद, शिकत असलेल्यांनीही नव्यानं प्रवेश घ्यावा. हे चूक आहे.

अभ्यासक्रम बदलतो तो प्रवेशाच्या सत्रानुसार. ज्या सत्रात नाव नोंदलं, त्या सत्राचा अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धत. २०१३ मध्ये सेमिस्टर आलं, २०१८ पासून नव्या तुकड्यांना पुन्हा वार्षिक पद्धत लागली. आधीच्या मुलांनी मात्र सेमिस्टरनंच शिक्षण पुरं केलं. कुणाला पहिल्यापासून बसवलं नाही. उत्तीर्णांचं राष्ट्रीय प्रमाणपत्र तर कायमच राहतं. तरसाळी किंवा गोरव्याच्या आयटीआयमधून वीस वर्षांपूर्वी फिटर झालेल्या काकांनी फाइल शोधत माळ्यावर चढायची गरज नाही.

खरी धावपळ संस्थांची असते. संलग्नता, म्हणजे शिकवण्याची मान्यता, प्रत्येक ट्रेडसाठी (फिटरसारख्या व्यवसायासाठी) वेगळी मिळते, म्हणून नव्या तुकडीआधी यंत्रं-अवजारं नव्या यादीप्रमाणे हवीत आणि निदेशकाची, म्हणजे शिकवणाऱ्याची, पात्रताही जुळायला हवी. दोन तुकड्या दोन अभ्यासक्रमांवर असतील, तर वेळापत्रक, हजेरी आणि प्रात्यक्षिकांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात. इथे गोंधळ झाला की भोगतो विद्यार्थी. ८० टक्के हजेरीचा नियम दोन्हीकडे तोच.

सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, त्या गावात अशी अफवा चालावी, याचं जरा नवल वाटतं. ‘पुन्हा प्रवेशा’साठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका; आधी आपल्या आयटीआयच्या प्राचार्यांकडून लेखी उत्तर घ्या.